पाईकराव सरांची परवानगीची फाईल

आमच्या शाळेच्या मोबाईल ग्रुपवर रोज सकाळी कुणी ना कुणी कविता टाकतं. उगवता सूर्य, चहाचा कप, एखादं गुलाबाचं फूल, आणि त्यावर आई, नाहीतर मैत्री, नाहीतर आयुष्य. खाली कवीचं नाव नसतं, आणि असलंच तर भलत्याचंच असतं. आम्ही बाकीचे दोन जोडलेले हात टाकून मोकळे होतो. पाईकराव सर मात्र विचारायचे, "कोनाची हाय?"

एवढंच. दुसऱ्या दिवशी दुसरी कविता, पुन्हा "कोनाची हाय?" आमच्या खेळाच्या शिक्षकांनी एकदा वैतागून लिहिलं, "माहीत नाही सर, आवडली म्हणून टाकली." त्यावर सरांचं उत्तर आलं, "आवडली तं इचारा लागते ना." हेडसरांनी मग ग्रुपवर कविता टाकायलाच बंदी केली. ती तीन दिवस टिकली.

दादाराव तुळशीराम पाईकराव हे आमच्या हायस्कूलचे ग्रंथपाल. गाव कारंजा तालुक्यातलं धनज. शेलूबाजारला खोली करून राहायचे आणि रोज सकाळी जीपनं शाळेत यायचे. आमचं गाव शेलूबाजारपासून जीपनं पंधरा मिनिटांवर, म्हणजे जीप भरली तर. नाही भरली तर पाऊण तास. मी इथं विज्ञान शिकवते. मला वानखडे मॅडम म्हणतात. माहेर रिसोडचं, आणि स्वभाव असा की आधी भडकायचं, मग विचार करायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे काही झालं त्यातली निम्मी शोभा माझ्या या स्वभावानं केलेली आहे.

सर बारीक अंगाचे, उंच. पांढरा फुल शर्ट, बाह्या उन्हाळ्यातही खाली सोडलेल्या. खिशाला दोन पेनं. मला वर्षभर वाटायचं, एक निळं आणि एक लाल असेल. एकदा घाईत एक मागितलं तर म्हणाले, "सही कायची करता?" मी म्हटलं, "गॅसच्या पुस्तकावर." तर त्यांनी उजवीकडचं काढून दिलं. "हे माहं सोताचं हाय. डावीकडचं शाळेचं." मी हसले. ते हसले नाहीत. शाळेच्या पेनानं शाळेचं लिहायचं, घरच्या पेनानं घरचं, यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

शाळेच्या कुंपणाला लागून एका शेतकऱ्याचं पेरूचं झाड आहे. फांद्या आमच्या बाजूला झुकलेल्या. सगळी शाळा ते पेरू खाऊन मोठी झाली. सर धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, चालत जायचे, हाक मारायचे, "ओ भाऊ, एक घेऊ काय?" तो शेतकरी कंटाळून एकदा म्हणाला, "सर, तुमी रोज काहून इचारता? म्या कवा नाई म्हनलं काय?" सर म्हणाले, "नाई म्हनाचा हक्क तुमचा हाय ना. तो मी कायले खाऊ? पेरू खातो."

हे सगळं आम्हाला विचित्र वाटायचं, पण निरुपद्रवी. उपद्रव सुरू झाला शाळेला टीव्ही आल्यावर.

चांगला मोठा टीव्ही, इंटरनेटवाला. आम्ही शिक्षक हरखून गेलो. हृदयाचे कप्पे फळ्यावर काढून माझे हात दुखायचे. आता धडधडणारं हृदयच भिंतीवर. पण आमच्याकडं नेटवर्क म्हणजे पाहुण्यासारखं, आलं तर आलं. म्हणून प्रत्येक शिक्षकानं आपला एक पेनड्राइव्ह केला. घरी, नाहीतर वाशिमला गेलं की व्हिडिओ उतरवून घ्यायचे, पेनड्राइव्हवर भरायचे, शाळेत लावायचे. आणि त्यात सुरुवातीला जो कुणी आपलं नावगाव सांगतो तो भाग कापून टाकायचा, कारण तास पस्तीस मिनिटांचा. मीच सगळ्यांना कापायला शिकवलं होतं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

सर वाचनालयाच्या दारात उभे राहून बघायचे. एक दिवस मधल्या सुट्टीत आले. "मॅडम, हे हृदयवालं कोनाचं हाय?"

"इंटरनेटचं आहे, सर."

"इंटरनेट कोन्या मानसाचं नाव हाय?"

त्यांनी त्या दिवशी मला जे समजावलं ते मी तेव्हा अर्ध्या कानानं ऐकलं. वर्गात शिकवण्यासाठी लिंक लावून दाखवा, कायदा शिक्षकाच्या आडवा येत नाही. पण उतरवून स्वतःजवळ ठेवायचं, कापायचं, दहा जणांना वाटायचं, तर ज्याचं आहे त्याला विचारायचं. आणि नाव तर कधीच कापायचं नाही. "तास पस्तीस मिनिटायचा हाय, मान्य," ते म्हणाले. "नाव घ्याले किती लागते? चार सेकंद."

मी हो हो म्हटलं आणि कापतच राहिले.

सरांनी मात्र वाचनालयात एक निळी फाईल उघडली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'परवानगी'. ज्यांचे व्हिडिओ आम्ही पेनड्राइव्हवर ठेवले होते त्या एकेकाला शोधून ते पत्र लिहायचे. मराठीतच. "आम्ही वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यातील शाळा आहोत. आपला पाठ आमच्या मुलांना आवडला. नेटवर्क नसल्याने तो उतरवून ठेवावा लागतो. परवानगी असावी." आणि बापा, उत्तरं यायची हो! गणिताचे एक निवृत्त मास्तर होते, त्यांनी सगळेच्या सगळे पाठ वापरा म्हणून कळवलं, वर मुलांना आशीर्वाद. एका बाईंनी कळवलं, "परवानगी आहे, पण पाचव्या मिनिटाला माझी चूक झालीय, ती मुलांना सांगा." सरांनी प्रत्येक उत्तर छापून घेतलं, आवक क्रमांक टाकला आणि फाईलला लावलं. एकानं नाही म्हटलं. तेही लावलं, आणि तो पाठ स्वतःच्या हातानं पुसला.

आणखी एक खोड होती. सिनेमा संपला की नावं सरकायला लागतात ना, तेव्हा आपण उठतो, चपला शोधतो. सर तेव्हा नीट बसायचे. मुलांनाही बसवून ठेवायचे आणि नावं मोठ्यानं वाचायला लावायचे. कॅमेरा कोणाचा, आवाज कोणाचा, गाडी कोणी चालवली, चहा कोणी केला. आठवीचा वर्ग चहावाल्याच्या नावाला टाळ्या वाजवायचा. मी म्हणायचे, या माणसाला दुसरा उद्योग नाही.

त्या वर्षी स्नेहसंमेलन मी बसवलं. मुलींच्या नाचासाठी गाणं निवडलं, 'घंटा झाली रे लेकरा, घंटा झाली'. आमच्या भागात हे गाणं कुणाला माहीत नाही असं नाही. जयंतीच्या मिरवणुकीत वाजतं, लग्नाच्या मांडवात वाजतं, शाळेच्या पटनोंदणीच्या फेरीत तर हटकून वाजतं. एका जुन्या कॅसेटवरचं गाणं कुणीतरी इंटरनेटवर चढवलंय; खरखरता आवाज, ढोलकी, आणि शेवटी गाणं एकदम तुटतं. आम्हाला ते तसंच पाठ. व्हिडिओखाली लिहिलंय, 'पारंपरिक गीत'. मी माईकवरून झोकात सांगितलं, "आता सादर होत आहे एक पारंपरिक गीत!" मुली झकास नाचल्या. मागच्या रांगेत पाईकराव सर वाचनालयाची किल्ली मांडीवर ठेवून बसले होते. त्यांना टाळ्या वाजवताना मी पाहिलं होतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांची गोष्ट. माझ्या घरी मिस्टरांनी वर्गणी भरून एका कंपनीचे सिनेमे घेतलेले आहेत. त्यावर मी एक माहितीपट पाहिला: एका कोरड्या गावातल्या बाया हातपंप दुरुस्त करायला शिकतात, आणि पुढं तालुकाभर त्यांनाच बोलावणी येतात. मी रडले पाहून. म्हटलं, हा आपल्या गावातल्या बायांना दाखवायचाच. मोबाईल टीव्हीला जोडायचा, शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या गावाला बोलवायचं. मी पत्रकं छापली. एक शेलूबाजारच्या जीपथांब्यावरही चिकटवलं, 'सर्वांसाठी खुले'. तिथंच सरांना ते दिसलं.

सर सकाळीच माझ्या वर्गाबाहेर उभे. हातात पत्रक.

"मॅडम, इचारलं का त्यायले?"

"कोणाला, सर? वर्गणी भरलीय आम्ही. चोरी नाहीये."

"चोरी कोन म्हनते?" त्यांनी खिशातून कागद काढला. त्या कंपनीच्या अटी छापून आणल्या होत्या. रेघा मारलेल्या. "हे पाहा. वर्गनी तुमची सोताची हाय, घरच्या मानसायसाठी."

"शाळा माझं घरच आहे!"

"मंग शाळेचा घरटॅक्स तुमी भरता काय?"

माझा पारा चढला. ते शांतपणे सांगत राहिले. शाळेच्या कार्यक्रमात मुलं, शिक्षक, पालक एवढ्यांपुढं सिनेमा दाखवायला कायदा मुभा देतो. पण तुम्ही थांब्यावर पत्रक लावलं, म्हणजे सगळं जग बोलावलं. ते त्या मुभेत बसत नाही. आणि कायदा एक, कंपनीची अट दुसरी. वर्गणी घेताना तुम्ही 'मान्य' म्हणून दाबलंय.

"ते वाचून कोण दाबतं, सर?"

"दाबलं ना पन?"

"आणि कोण येणार आहे इथं बघायला? मुंबईहून माणूस येणार आहे का या खेड्यात पकडायला?"

"कोनीच येत नाई," सर म्हणाले. "म्हनून तं इचाराचं."

मग मी जे बोलले ते आजही मला बोचतं. वर्गातली पोरं ऐकत होती, तरी मी ओरडले, "चांगल्या कामात खोडा घालायची सवयच आहे तुम्हाला! त्या कंपनीचं काय जाईल ते जाऊ द्या, तुमचं काय गेलं, सर? तुमचं काय गेलं?"

सरांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. "माहं गेलं ना," म्हणाले. "मधल्या सुट्टीत या वाचनालयात."

मी गेले, भांडायच्याच तयारीनं गेले. त्यांनी कपाटातून एक वही काढली. जुनी, पुठ्ठ्याची, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. पहिल्या पानावर बोरूनं लिहावं तसं टपोरं लिहिलेलं, 'तुळशीराम पाईकराव, मुक्काम धनज, यांची गाणी'. पान उलटलं, आणि पहिलंच गाणं, 'घंटा झाली रे लेकरा'.

"बापूचं हाय," सर म्हणाले. वडिलांना ते बापू म्हणत. "दिवसा मजुरी कराचा, मंग गावोगाव गानं म्हनाचा. शाळा दोन इयत्ता. गानं कराचं तं शेवटच्या कडव्यात आपलं नाव-गाव टाकाचं, अशी तवाची रीतच होती. सही म्हना ना. कोन्या तरी गावात कोनी तरी टेपात भरून घेतलं. पन टेप सरली, शेवटचं कडवं राह्यलं बाहेरच. नाव गेलं. मंग कोन्या भल्या मानसानं इंटरनेटवर चढवलं, आन् खाली लिवलं पारंपरिक."

त्यांनी मोबाईलवर तो व्हिडिओ उघडून दाखवला. खाली शेकडो प्रतिक्रिया, सगळे जय भीम, एकच नंबर, अंगावर काटा आला. त्यात अधूनमधून एक प्रतिक्रिया, वर्षावर्षाच्या अंतरानं, एकाच माणसाची: 'हे गीत धनज येथील तुळशीराम पाईकराव यांचे आहे. कृपया नाव लावावे.' कुणीही उत्तर दिलेलं नव्हतं.

"पारंपरिक म्हंजे काय माहीत हाय का, मॅडम?" सर म्हणाले. "कोनाले तरी इचाराचा कंटाळा आला."

मला संमेलन आठवलं. माईक आठवला, माझा झोकातला आवाज आठवला. आणि मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारे हे. मी म्हटलं, "सर, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"पोरी चांगल्या नाचत होत्या," म्हणाले. "त्यायच्या नाचात मी कायले मधी येऊ?"

मला तिथंच रडू आलं. त्यांनी पाण्याचा गिलास पुढं केला आणि आपण खिडकीतून बाहेर पाहत बसले.

शनिवारचा कार्यक्रम मी पुढं ढकलला. हेडसर चिडले, "पाईकराव, तुमी शाळेचं भूषन हाय का डोकेदुखी, हे मले अजून समजून नाई राह्यलं," म्हणाले. सरांनी त्या माहितीपटाची शेवटची नावं थांबवून थांबवून पाहिली, दिग्दर्शिका बाईंचा पत्ता हुडकला आणि आम्ही दोघांनी मिळून पत्र लिहिलं. आठ दिवस काही नाही. मी तर आशाच सोडली होती. नवव्या दिवशी शाळेच्या फोनवर बाईंचाच फोन! हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवले होते, म्हणून परवानगी त्याच देऊ शकत होत्या, आणि त्यांनी दिली. गावासमोर दाखवायला वेगळी प्रत पाठवली. अट एवढीच, की बाया पाहून काय म्हणाल्या ते कळवायचं.

हॉलच्या खिडक्यांना पोती लावून भर दुपारी आम्ही तो दाखवला. दाटीवाटीनं बाया बसल्या होत्या. संपल्यावर कुणी उठेना, कारण सर नावं वाचत होते आणि पोरं टाळ्या वाजवत होती. एक म्हातारी म्हणाली, "ते पाना कुठं भेटते म्हना, तेवढं लिवा त्या बाईले." आम्ही तेवढंच लिहिलं. बाईंनी पाना पाठवला. तो अजून ग्रामपंचायतीत आहे, आणि बाईंनी फोनवर दिलेली परवानगी मी लिहून काढली तो कागद निळ्या फाईलला.

त्या दिवसापासून मी एक ठरवलं. सर त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्याआधी त्या गाण्याखालचं 'पारंपरिक' गेलं पाहिजे. मी म्हटलं, "सर, सरळ तक्रार करू. व्हिडिओ काढायलाच लावू त्याला."

सर एकदम दचकले. "काढाले कायले लावता? गानं बंद पडन ना! पोरं शाळेत येतात त्या गान्यावर. राहू द्या गानं. नाव लावा म्हना फक्त."

"मग मी त्या माणसाला शोधू? तुमच्या वतीनं बोलू?" हे मी विचारलं. बघा, विचारलं! तिसऱ्या दिवशी त्यांनी वहीच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि अधिकारपत्र माझ्या हातात ठेवलं. उजवीकडच्या पेनानं लिहिलेलं.

मी हुडकत हुडकत गेले तर तो माणूस निघाला रिसोडचा. माझ्या माहेरचा! बाजारात मोबाईलचं दुकान, पूर्वी कॅसेटचं. त्याच्याच दुकानातून माझ्या भावानं कधीकाळी कॅसेटी आणल्या असतील. मी पदर खोचून गेले होते. काय काय ऐकवायचं ते एसटीत बसून मनात लावून ठेवलं होतं. आणि तो भला माणूस झेरॉक्स पाहून उभाच राहिला. "बाई, कायचं सांगता! ह्या मानसाचं नाव मी किती वर्षं हुडकलं. भंगारच्या पोत्यात भेटली होती कॅसेट, वरचं लेबल पार घासेल होतं. आता नाव माहीत नाई तं लिवतेत ना सारे पारंपरिक. म्याही लिवलं." प्रतिक्रिया? त्या त्यानं कधी वाचल्याच नव्हत्या. जय भीमच असणार म्हणून.

त्यानं माझ्यासमोर मोबाईल घेतला, चष्मा लावला, आणि एका बोटानं एक एक अक्षर दाबून नाव घातलं. मिनिटभराचं काम. मी दुकानाच्या स्टुलावर बसून पाहत होते आणि माझी भांडणाची सगळी तयारी वाया गेली होती. निघताना म्हणाला, "बाई, ते शेवटचं कडवं भेटन काय कुठं? गानं अदूरं वाटते मले."

चार दिवस मी ही गोष्ट पोटात ठेवली. मला हे कसं जमलं, माझं मलाच माहीत. सरांना फक्त एवढं विचारलं, "तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात ते गाणं लावू का?"

"पारंपरिकच ना?" ते म्हणाले.

"लावू का ते सांगा."

"लावा."

निरोपाच्या दिवशी हॉल भरला होता. पेरूवाला शेतकरीही आला होता, टोपलीभर पेरू घेऊन, न विचारता. भाषणं झाली, शाल झाली. मग मी टीव्हीवर तो व्हिडिओ उघडला, आणि लावण्याआधी खालचा मजकूर मोठा केला. 'गीत आणि आवाज: तुळशीराम पाईकराव, मु. धनज.' दहावीच्या मुलींना मी सांगून ठेवलं होतं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, सरांनीच लावलेल्या सवयीनं. आणि हॉलनं टाळ्या वाजवल्या.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

गाणं सुरू झालं. खरखर, ढोलकी, तो मोकळा आवाज. पोरं ठेक्यावर हलायला लागली. आणि नेहमीच्या ठिकाणी ते तुटलं. पोरं टाळ्या वाजवणार, तेवढ्यात सर खुर्चीतून उठले.

"थांबा रे," म्हणाले. "एक कडवं राह्यलं."

एवढ्या वर्षांत आम्ही त्यांना कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. त्यांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला, आणि जिथं टेप सरली होती, बरोबर तिथून उचललं.

"धनजचा तुळशीराम सांगे सगळ्याले,
घ्या हे गानं, द्या पुढच्याले,
नाव माहं राहो का जावो,
लेकरू शाळा सोडून वापस न यावो."

हेडसर सगळ्यांत आधी भानावर आले. "अहो पाईकराव! तुमच्या वडलानं तं परवानगी आंधीच देऊन ठेवेल होती! घ्या, द्या पुढच्याले म्हने. नावाचंही काई नाई त्यायले."

"हो," सर म्हणाले. "पन तेच कडवं कापल्या गेलं ना."

हेडसर खाली बसले.

मी हे सगळं मोबाईलवर भरून घेत होते. पहिल्या ओळीपासून भरून घेतलं होतं. सरांची नजर मोबाईलवर गेली. सगळ्या हॉलसमोर, त्याच शांत आवाजात:

"मॅडम, इचारलं का?"

असा हशा पिकला की काय सांगू! पोरं बाकांवर हात आपटायला लागली. मी लालेलाल. "चुकलं, सर," म्हटलं. "आता विचारते. ठेवू का? रिसोडच्या त्या दुकानदारालाही द्यायचंय. गाणं अधुरं वाटतं म्हणतो तो."

सर माझ्याजवळ आले. मोबाईल हातात घेतला आणि आपलंच गाणं शेवटपर्यंत पाहिलं. पुन्हा एकदा लावलं. "बापूवानीच दिसून राह्यलो मी," हळूच म्हणाले. मला ऐकू आलं, बाकीच्यांना नसेल. उत्तर मात्र दिलं नाही. हार-शाल उचलली आणि वाचनालयाकडं निघाले. मला वाटलं, नाराज झाले.

पाच मिनिटांनी मी मागोमाग गेले. ते टेबलाशी बसून लिहीत होते. घाईत शाळेचं, डावीकडचं पेन हातात आलं होतं; लक्षात येताच ते त्यांनी टेबलावरच्या पेनांच्या डब्यात ठेवलं, कायमचं, आणि उजवीकडचं काढून उरलेलं पत्र पुरं केलं. मग निळी फाईल ओढली, आवक क्रमांक टाकला, पत्र लावलं, आणि फाईल आणि किल्ली दोन्ही माझ्या हातात दिली.

"जीप निघन आता," म्हणाले. "येतो, मॅडम."

मी खिडकीतून पाहिलं. शाल काखेत, दुसऱ्या हातात पिशवी, खिशाला एकच पेन. धुऱ्यापाशी थांबले. पेरूवाला अजून हॉलमध्येच होता, शेतात कुणी नव्हतं. झाडाकडं एकदा पाहिलं, आणि तसेच पुढं निघाले.

मग मी फाईल उघडली. ओळी सरळ, अक्षर त्यांचं नेहमीचं टपोरं. अजूनही कुणी नवीन शिक्षक पेनड्राइव्ह घेऊन आला की मी त्याला आधी ती फाईल दाखवते, आणि ते पान त्यालाच मोठ्यानं वाचायला लावते.

'श्रीमती वानखडे यांनी विचारले, म्हणून लिहून देतो. माझ्या वडिलांचे गीत व माझा आवाज शाळेत, शाळेबाहेर, कोठेही, कोणालाही दाखवण्यास माझी परवानगी आहे. अट एकच. शेवटचे कडवे कापू नये.'